मोठे साहेब कधी येणार?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या सोलापूरच्या पेढीवरून चादरी आणि टॉवेलांचा माल मुंबईच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे जात असे. वडिलांच्या काळापासूनचा हा व्यवहार. शब्दावर माल जाई आणि शब्दावर पैसा येई. वडील गेले. पुढच्या दोन वर्षांत येणे थकत गेले आणि एके दिवशी समोरच्या गृहस्थाने फोन उचलणेच बंद केले. थोरल्या बंधूंनी कागदपत्रांची पिशवी माझ्या हाती दिली. मी रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने निघून सकाळी मुंबईत उतरलो. फोर्टमधील वकिलांच्या एका पेढीत अकराची वेळ ठरलेली होती.

बैठकीच्या खोलीत एक तरुण वकील मुलगी आमची फाइल उघडून बसली होती. वय पंचवीस-सव्वीसचे असेल. तिने नमस्कार केला, पाणी विचारले आणि थेट कामाला सुरुवात केली. भागीदारीपत्र केव्हाचे, वडिलांच्या निधनानंतर नवे पत्र केले का, नव्या भागीदारांची नावे निबंधकांच्या नोंदवहीत चढवली का, असे तिचे प्रश्न होते. मी प्रत्येक प्रश्नाचे अर्धेमुर्धे उत्तर देत होतो आणि दाराकडे पाहत होतो. शेवटी न राहवून विचारले, "मोठे साहेब कधी येणार?"

"येतीलच काका. तोवर आपण एवढे एक पाहून घेऊ," ती म्हणाली.

थोड्या वेळाने मी पुन्हा तेच विचारले. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा ती काही बोलली नाही. तिने पेनाला टोपण लावून ते कागदावर आडवे ठेवले.

साहेब आले. मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली आणि सगळी हकीकत पहिल्यापासून सांगू लागलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "शेठ, तुमच्या प्रकरणातली खरी मेख यांनी शोधली आहे. ती त्यांच्याकडूनच समजून घ्या."

मेख अशी होती. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ च्या कलम ६९ नुसार नोंदणी नसलेल्या भागीदारी पेढीला करारातून आलेल्या हक्कासाठी त्रयस्थ माणसावर दावा लावता येत नाही. पेढीची नोंदणी पुरेशी नसते, दावा लावणाऱ्या भागीदारांची नावेही निबंधकांच्या नोंदवहीत असावी लागतात. आमच्या नोंदवहीत वडिलांचे नाव तसेच होते आणि नव्याने भागीदार झालेल्या माझ्या पुतण्याचे नाव नव्हते. त्या स्थितीत दावा लावला असता, तर समोरच्या वकिलाने हाच मुद्दा काढून तो फेटाळून घेतला असता आणि तोवर वसुलीची तीन वर्षांची मुदत उलटून गेली असती. आधी नोंद, मग दावा, एवढा साधा क्रम होता. पण तो ध्यानात आला तो तिच्या, आणि ती तो मला समजावून सांगत असताना मी दाराकडे पाहत बसलो होतो.

त्या दिवसाची आणखी एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. थंडीचे दिवस होते. काम लांबत गेले. पाच वाजायच्या सुमारास तिने कागद बाजूला सारले आणि शिपायाने माझ्यासमोर जेवणाचे ताट आणून ठेवले. भाजीत कांदा, लसूण, बटाटा काही नव्हते. "आधी जेवून घ्या काका. दिवस मावळल्यावर तुमची पंचाईत होईल," ती म्हणाली. बंधूंशी फोनवर झालेल्या बोलण्यातून तिला आमचा नेम कळला होता आणि तिने तो फाइलच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवला होता.

माझ्या नेमासाठी तिने न मागता जागा केली होती. तिच्या विद्येसाठी मात्र मला माझ्या मनात जागा करता आली नव्हती.

आमचे येणे पुढे तडजोडीने वसूल झाले. दोन-तीन वर्षांनी दुसऱ्या कामासाठी त्याच पेढीत फोन केला आणि या वेळी मुद्दाम तिचेच नाव घेतले, तेव्हा ती सोडून गेल्याचे कळले. साहेब म्हणाले, "हुशार होती. पण आमच्याकडे अशील ज्याला मागतो त्याला काम मिळते, आणि ज्याला काम मिळते तो वर जातो. तिला कोणी मागितले नाही." त्यांनी मला दोष दिला नाही. पण तो हिशेब माझ्याच खात्यावर पडलेला आहे, हे मला तेव्हाच उमजले.

आज माझी स्वतःची कन्या कायद्याच्या पदवीच्या चौथ्या वर्षात आहे. आपल्या समाजातील कित्येक घरांतून मुली आणि सुना वकिली, सनदी लेखापाल, कंपनी सचिव अशा व्यवसायांत जात आहेत. म्हणून वकिलांच्या पेढीत सर्वांना सामावून घेणारे वातावरण कसे घडते, हा विषय केवळ वकिलांवर सोपवून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

दार उघडले, पण काम आले नाही

या प्रश्नाचे मूळ शंभर वर्षांहून जुने आहे आणि त्याची सुरुवात आपल्या महाराष्ट्रातच सापडते. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म १८६६ मध्ये नाशिकला झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून त्या ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ मध्ये तेथील कायद्याच्या परीक्षेला बसणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. परीक्षा त्या उत्तीर्ण झाल्या, परंतु पदवी मिळाली नाही. ऑक्सफर्ड त्या काळी स्त्रियांना पदवी देत नसे, आणि तो नियम बदलण्यासाठी १९२० साल उजाडावे लागले. भारतात परतल्यावर मुंबई विद्यापीठाची एल्एल.बी. झाली, अलाहाबादची वकिलीची परीक्षाही झाली, तरी न्यायालयात उभे राहण्याची सनद दूरच राहिली. मधल्या काळात बंगालमधील पडदानशीन विधवा आणि अनाथ वारसांच्या मालमत्तेच्या प्रकरणांत त्यांनी सरकारी सल्लागार म्हणून वर्षानुवर्षे काम केले. ज्या स्त्रिया परपुरुषासमोर येऊ शकत नव्हत्या, त्यांचे गाऱ्हाणे ऐकू शकेल असा दुसरा कायदेतज्ज्ञ नव्हताच.

१९१६ मध्ये रेजिना गुहा यांनी कलकत्ता उच्च न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात सनद मागितली. पाच न्यायाधीशांच्या पीठाने अर्ज नाकारला. कायद्यात 'व्यक्ती' असा शब्द होता, पण त्या व्यक्तीत स्त्री येत नाही असा अर्थ लावला गेला. १९२१ मध्ये पाटण्यात सुधांशुबाला हाजरा यांच्या वाट्यालाही नकारच आला. त्याच वर्षी अलाहाबाद उच्च न्यायालयाने मात्र कॉर्नेलिया सोराबजींना सनद दिली, आणि १९२३ च्या विधिव्यवसायी (स्त्रिया) अधिनियमाने हा प्रश्न कायमचा निकालात काढला. केवळ स्त्री आहे म्हणून कोणाला वकिलीस अपात्र ठरवता येणार नाही, असे कायदाच म्हणू लागला.

कायद्याने दार उघडले. पण वकिलाला नुसत्या दाराचा उपयोग नसतो. त्याला काम लागते आणि ते काम कोणीतरी विश्वासाने हाती द्यावे लागते. मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या स्त्री बॅरिस्टर मिठान टाटा, पुढे मिठान लाम, यांनी आपल्या पहिल्या कामाची सांगितलेली आठवण या दृष्टीने फार बोलकी आहे. आपलीच निवड कशी झाली, असे त्यांनी सॉलिसिटरला विचारले. उत्तर मिळाले, की अशिलाची बाजू इतकी भक्कम आहे की खटला हरणे शक्यच नाही, आणि प्रतिपक्षाला एका बाईकडून हरल्याची जास्तीची नामुष्की यावी अशी अशिलाची इच्छा आहे. म्हणजे मुंबईच्या पहिल्या स्त्री बॅरिस्टरला पहिले काम मिळाले ते समोरच्याचा अपमान करण्यासाठी. मिठान लाम यांनी ते काम घेतले आणि पुढची वाट चालून दाखवली. १९४७ मध्ये त्या मुंबईच्या शेरीफ झाल्या आणि १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

त्याच १९२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात आणखी एका बॅरिस्टराने वकिली सुरू केली होती. त्यांचे नाव डॉ. भीमराव रामजी आंबेडकर. कोलंबिया विद्यापीठ, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन अशी त्यांची शिदोरी होती. उच्च न्यायालयात बॅरिस्टराला काम सॉलिसिटरच्या हातून मिळे, आणि अस्पृश्यतेच्या भिंतीमुळे सॉलिसिटर पेढ्या त्यांच्याकडे काम देण्यास धजत नव्हत्या. खालच्या न्यायालयांतील आणि जिल्ह्यांतील कामांवर त्यांना भागवावे लागले. १९२५ ते १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या हिशेबशास्त्राच्या संस्थेत ते व्यापारी कायदा शिकवत होते. ज्यांच्या व्यापारी कायद्याच्या ज्ञानावर विद्यार्थी परीक्षा देत होते, त्यांच्याकडे त्याच शहरातील व्यापाऱ्यांची प्रकरणे जात नव्हती. मग १९२६ मध्ये 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून पुण्यात झालेल्या बदनामीच्या खटल्यात ब्राह्मणेतर चळवळीच्या पुढाऱ्यांनी त्यांना वकीलपत्र दिले. अपिलात त्यांनी आरोपींची सुटका करून आणली आणि त्यांच्या वकिलीचे नाव सर्वत्र झाले. विद्या १९२३ मध्ये होती तितकीच १९२६ मध्येही होती. मधल्या तीन वर्षांत फरक पडला तो एवढाच, की कोणीतरी विश्वास टाकला.

सामावून घेणे म्हणजे कामाची वाटणी

या इतिहासातून एकच गोष्ट मनात धरायची आहे. वकिलांच्या पेढीत किती प्रकारची माणसे नोकरीला आहेत, हा झाला पहिला प्रश्न. महत्त्वाचे काम कोणाच्या हाती जाते, हा खरा प्रश्न. दहा मुली आणि दहा मुलगे घेतले, पण मोठी प्रकरणे, न्यायालयातील युक्तिवाद आणि अशिलांशी बोलणे मुलांकडे आणि टिपणे काढणे, तारखा लिहिणे, चहा सांगणे मुलींकडे राहिले, तर पाच वर्षांनी वरच्या खुर्च्यांवर कोण दिसेल हे सांगायला ज्योतिषी नको.

लीला सेठ यांनी आत्मचरित्रात त्यांच्या आरंभीच्या दिवसांतील एक प्रसंग सांगितला आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या बॅरिस्टरच्या परीक्षेत पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण होऊन त्या परतल्या आणि कलकत्त्यातील एका ज्येष्ठ बॅरिस्टरांकडे काम शिकण्यासाठी गेल्या. त्यांनी आधी लग्न करण्याचा सल्ला दिला. लग्न झालेले आहे, असे कळल्यावर मूल होऊ देण्याचा दिला. मूलही आहे, म्हटल्यावर एकट्या मुलाला भावंड हवे, असे सांगितले. दोन मुले आहेत, हे ऐकल्यावर मात्र त्या गृहस्थांनी हार मानली आणि त्यांना चेंबरमध्ये घेतले. याच लीला सेठ १९७८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री न्यायाधीश झाल्या आणि १९९१ मध्ये हिमाचल प्रदेशात, देशातील कोणत्याही उच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री मुख्य न्यायाधीश. ते ज्येष्ठ बॅरिस्टर दुष्ट नव्हते. त्यांना आपण हिताचेच सांगतो आहोत असे वाटत होते. आपल्यापैकी बहुतेकांचे असेच असते आणि म्हणूनच ते लवकर ध्यानात येत नाही.

भागीदारीचे गणित तर आणखी नाजूक आहे. भागीदार कोणाला करावे हा मालकाचा स्वेच्छेचा विषय, त्यात कायद्याने डोकावू नये, असे आपण व्यापारीही मानतो. हाच युक्तिवाद अमेरिकेतील अटलांटा शहरातील एका मोठ्या वकील पेढीने तेथील सर्वोच्च न्यायालयात केला होता. एलिझाबेथ हिशन या वकील १९७२ मध्ये त्या पेढीत लागल्या, आणि काही वर्षे चांगले काम केल्यावर भागीदारीसाठी समान विचार होईल या भरवशावर त्या राहिल्या. भागीदारी नाकारली गेल्यावर त्या न्यायालयात गेल्या. 'हिशन विरुद्ध किंग अँड स्पॉल्डिंग' या प्रकरणात १९८४ मध्ये न्यायालयाने एकमताने निर्णय दिला, की नोकरी देताना भागीदारीसाठी विचार करण्याचे आश्वासन दिले असेल, तर तो विचार स्त्री-पुरुष भेद न करता झाला पाहिजे. कोणालाही भागीदार कराच, असे न्यायालय म्हणाले नाही. तराजू सर्वांना एकच असावा, एवढेच म्हणाले. व्यापाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागू नये.

पेढीने करावयाच्या गोष्टी

आता प्रत्यक्ष उपायांकडे वळू. यांतील बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही, शिस्त लागते.

पहिली गोष्ट नोंदीची. आपल्या वहीत ज्याची नोंद नाही ते येणे बुडीत धरावे लागते. कामाच्या वाटणीचेही तसेच आहे. कोणत्या वकिलाला गेल्या सहा महिन्यांत कोणती प्रकरणे मिळाली, कोण अशिलासमोर बसले, कोण न्यायालयात बोलले, याची वही ठेवावी आणि भागीदारांच्या बैठकीत ती उघडून वाचावी. पक्षपात करायचा नसतानाही तो कसा होत असतो, हे ती वही सांगते. हाताला सवयीचा माणूस आपण पुन्हा पुन्हा बोलावतो, इतकेच त्याचे कारण असते.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये विशाखा प्रकरणात मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली आणि २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणारा अधिनियम झाला. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तेथे अंतर्गत समिती नेमणे बंधनकारक आहे. तिची अध्यक्ष वरिष्ठ स्त्री कर्मचारी असावी, निम्म्याहून कमी सदस्य स्त्रिया नसाव्यात आणि एक सदस्य बाहेरचा असावा. तक्रार सामान्यतः तीन महिन्यांच्या आत करायची असते आणि चौकशी नव्वद दिवसांत पुरी व्हायची असते. समिती न नेमल्यास पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. इतरांना हा कायदा शिकवणाऱ्या वकिलांच्या पेढीतच समितीचा फलक नुसता भिंतीवर राहिला, तर त्यासारखी विसंगती नाही. हा नियम आपल्या दुकानांना, गोदामांना आणि कारखान्यांनाही तितकाच लागू आहे, हे ध्यानात असू द्यावे.

तिसरी गोष्ट मातृत्वाची. २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूतीची पगारी रजा सव्वीस आठवड्यांची झाली. परंतु पुष्कळ पेढ्यांत वकिलांना पगारी नोकर न मानता व्यावसायिक मोबदल्यावर ठेवलेले असते आणि मग हा लाभ पेढीच्या मर्जीवर राहतो. चांगली पेढी ती मर्जी लेखी नियमात उतरवते. रजेइतकेच महत्त्व परतीला आहे. परत आलेल्या आईकडे 'आता तिला त्रास नको' म्हणून किरकोळ कामे दिली जातात. तिला त्रास हवा की नको, हे तिलाच विचारावे. संध्याकाळी सातला ठरणारी बैठक दुपारी चारला ठरवली, तर कोणाचेच काही बिघडत नाही.

चौथी गोष्ट गावाची आणि भाषेची. लातूर, सांगली किंवा जालन्याहून आलेला पहिल्या पिढीचा वकील इंग्रजी बोलताना अडखळतो आणि बैठकीत गप्प बसतो. पण सातबारा, फेरफार, जुने खरेदीखत आणि तालुक्याच्या न्यायालयातील रोजनामा त्याच्याइतका कोणाला वाचता येतो? महाराष्ट्रातील जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. आपले कागदही तेथलेच असतात. अशा तरुणाला आर्थिक आधारही लागतो. नवोदित वकिलांना शहरात दरमहा किमान वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार रुपये विद्यावेतन द्यावे, अशी शिफारस बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये केली. हातखर्चाला घरून पैसे आणू शकणाऱ्यांनीच वकिली शिकावी, असा अलिखित नियम राहिला, तर हुशारीची निवड न होता ऐपतीची निवड होते.

पाचवी गोष्ट अपंगत्वाची. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात अपंगत्वाचे एकवीस प्रकार मानले आहेत. त्यांतील कित्येक डोळ्यांना दिसतही नाहीत. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये सारा सनी या कर्णबधिर वकिलांनी सांकेतिक भाषेच्या दुभाष्याच्या साहाय्याने सर्वोच्च न्यायालयात काम चालवले. २०२५ च्या मार्चमध्ये त्याच न्यायालयाने दृष्टिहीन उमेदवारांना न्यायिक सेवेतून केवळ अपंगत्वापायी वगळता येणार नाही असा निर्णय दिला. न्यायासनावर जे बसू शकतात, त्यांना पेढीच्या दारातील तीन पायऱ्यांनी अडवावे काय? उतार करून घेणे आणि कागद संगणकाला वाचता येतील अशा स्वरूपात ठेवणे, एवढ्याने सुरुवात होते. कोणाला काय लागते, हे अंदाजाने ठरवू नये. त्या व्यक्तीलाच विचारावे.

सहावी गोष्ट चालीरीतींची. आपल्या मुलांना पर्युषणात उपवास असतो, संध्याकाळी लवकर जेवायचे असते, कार्यालयाच्या सहभोजनात ताटात काय आहे हे विचारावे लागते. त्यांना हसू न करता पेढीने ते समजून घ्यावे, अशी आपली अपेक्षा असते आणि ती रास्त आहे. मग त्याच पेढीत रोजा धरणारा सहकारी असतो, नाताळला घरी जाऊ इच्छिणारी सहकारी असते, आपल्याहून वेगळे ताट घेऊन बसणारा असतो. आपल्यासाठी मागितलेली सवड दुसऱ्याला देताना हात आखडला, तर ती मागणी तत्त्वाची राहत नाही, केवळ सोयीची होते. ताटे वेगवेगळी असली, तरी माणसे एका मेजावर बसू शकतात.

अशिलाच्या हाती असलेले माप

हे सारे पेढीने केले, तरी एक किल्ली पेढीच्या हाती नाही. ती अशिलाच्या, म्हणजे तुमच्या-माझ्या हाती आहे. वकिलांची पेढी अशिलाच्या समाधानावर चालते. अशिलाने तीन वेळा 'मोठे साहेब कधी येणार' विचारले, की चौथ्या वेळी त्या मुलीला बैठकीला बसवलेच जात नाही. कोणी तिला नाकारत नाही, कोणी वाईट बोलत नाही, फक्त तिचे नाव मागे पडते. १९२३ मध्ये सॉलिसिटरच्या दालनात जे घडत होते, तेच आपण आज नकळत घडवतो.

अनुभवी वकील मागणे चूक नाही. मोठ्या जोखमीच्या प्रकरणात ज्येष्ठांचा सल्ला हवाच. पण समोर बसलेल्या व्यक्तीने फाइल वाचली आहे का, तिचे प्रश्न नेमके आहेत का, ती खोटी आशा न दाखवता खरे सांगते का, या कसोट्यांवर तिला पारखावे. सोने पारखताना आपण कसोटीचा दगड वापरतो, ते कोणी आणून दिले हे पाहून भाव करत नाही. वकील निवडताना मात्र आपण वय, आवाज, आडनाव आणि पोशाख पाहतो.

म्हणून काही साध्या सवयी लावून घ्याव्यात असे सुचवावेसे वाटते. बैठकीत ज्याने प्रश्न विचारला त्याच्याकडे पाहूनच उत्तर द्यावे. काम चांगले झाले तर त्या तरुण वकिलाचे नाव घेऊन ज्येष्ठांना कळवावे. दिलेली दाद वर पोहोचली तरच ती खात्यावर जमा होते. पुढच्या कामासाठी नाव सांगूनच त्याला किंवा तिला मागावे. आणि आपल्या स्वतःच्या पेढीवरही एकदा नजर टाकावी. हिशेब लिहिणाऱ्या मुलीला बँकेच्या अधिकाऱ्यासमोर बसू देतो का? खरेदीला सुनेला पाठवतो का? दुसऱ्या गावाहून, दुसऱ्या समाजातून आलेल्या होतकरू गुमास्त्याला गल्ल्याच्या किल्ल्या कधी मिळतात?

गेल्या सुटीत माझी कन्या मुंबईत एका वकिलांकडे महिनाभर काम शिकायला होती. परत आल्यावर तिला विचारले, कसे होते? ती म्हणाली, "बाबा, चांगले होते. एक आजोबा आले होते, त्यांची जुनी कागदपत्रे मीच लावून दिली. पण ते सारखे विचारत होते, साहेब कधी येणार म्हणून."

ती हसत सांगत होती. मला हसता आले नाही. मी तिला सोलापूरहून रात्रीच्या गाडीने निघालेल्या एका माणसाची गोष्ट सांगितली. कलम ६९ सांगितले, सूर्यास्तापूर्वीचे ताट सांगितले, टोपण लावून ठेवलेले पेन सांगितले. त्या वकील मुलीचा पत्ता माझ्याकडे नाही, तिची क्षमा मागायची राहून गेली. पण पुढच्या महिन्यात आमच्या गोदामाच्या भाडेकराराचे काम आहे. वकिलांकडे जाईन तेव्हा समोर जी व्यक्ती फाइल उघडून बसलेली असेल, तिच्याकडे खुर्ची वळवूनच बसणार आहे.